निर्मनुष्य भूमी आणि एकाकी पुरुष : अमेरिकन वेस्टर्न चित्रपटांतील भूदृश्याचा इतिहास

प्रास्ताविक

'वेस्टर्न' हा शब्द आपल्याकडे 'पाश्चात्त्य' या अर्थाने इतका रूढ झाला आहे की, 'वेस्टर्न चित्रपट' म्हटल्यावर पुष्कळांच्या डोळ्यांसमोर सरसकट सर्व इंग्रजी चित्रपट उभे राहतात. प्रस्तुत लेखात हा शब्द एका विशिष्ट चित्रपटप्रकारासाठी योजला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागात, मुख्यतः १८६५ मध्ये यादवी युद्ध संपल्यापासून १८९० पर्यंतच्या पाव शतकात घडणाऱ्या कथा हा या प्रकाराचा विषय होय. घोडेस्वार, बंदूक, गुरांचे कळप, लाकडी घरांचे एखादे गाव आणि त्याभोवती क्षितिजापर्यंत पसरलेला ओसाड मुलूख ही त्याची ओळख. ज्यांनी हे चित्रपट प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत त्यांनाही त्यांचे व्याकरण अपरिचित नाही. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या 'शोले'ने ते बंगळूरजवळील रामनगरमच्या खडकांत आणून रुजविले होते.

या चित्रपटांवरील लेखनात भूदृश्याचा विचार साधारणतः दोन प्रकारे झालेला दिसतो. काहींच्या लेखी ते कथेमागचे नेत्रसुखद चित्र आहे. इतरांच्या मते ती नायकाच्या पौरुषाची कसोटी आहे. जेन टॉम्पकिन्स यांनी 'वेस्ट ऑफ एव्हरीथिंग' (१९९२) या ग्रंथात दुसरी भूमिका अधिक खोलवर नेली. कठोर, अबोल आणि कुणावाचून न अडणारे वाळवंट हेच या चित्रपटांतील पुरुषाचे प्रतिमान ठरते, आणि हा सारा साहित्यप्रकार म्हणजे एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांनी लिहिलेल्या गृहकेंद्री, धर्मपरायण कादंबऱ्यांना दिलेले उत्तर होय, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. हे विवेचन मार्मिक आहे. तथापि त्यात एक प्रश्न पुरेशा आग्रहाने विचारला गेलेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वाळवंट कठोर असते हे खरे, पण ते निर्मनुष्य कसे झाले?

पडद्यावरील एकाकी पुरुष उभा राहण्यासाठी त्याच्या पायाखालची भूमी आधी रिकामी असावी लागते. प्रत्यक्षात ती तशी नव्हती. प्रथम सैन्याने आणि कायद्याने ती रिकामी केली, पुढे कॅमेऱ्याने ती रिकामी दाखविली. म्हणून या चित्रपटांतील पुरुषत्वाचा इतिहास हा त्या भूमीवरून दूर केलेल्या माणसांच्या, त्यातही स्त्रियांच्या, इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. हे प्रतिपादन प्रामुख्याने जॉन फोर्ड या दिग्दर्शकाच्या आणि मॉन्युमेंट व्हॅली या एका खोऱ्याच्या आधारे येथे मांडले आहे.

औषध म्हणून पश्चिम

चित्रपटाचा जन्म होण्यापूर्वीच हे भूदृश्य पुरुषत्वाशी जोडले गेले होते. ही जोडणी कवींनी केली तशी डॉक्टरांनीही केली होती, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सुशिक्षित नागर वर्गात 'न्यूरास्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, या विकाराचे निदान मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. फिलाडेल्फियाचे सायलस वेअर मिचेल हे या विकाराचे नामांकित वैद्य. त्यांनी स्त्रियांसाठी विश्रांतीचा उपचार रूढ केला : अंथरुणावर पडून राहणे, भरपूर आहार, आप्तेष्टांपासून दूर राहणे आणि लेखन-वाचनास मज्जाव. शार्लट पर्किन्स गिल्मन या लेखिकेवर १८८७ मध्ये त्यांनी हाच उपचार केला. त्या अनुभवातून १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेली, एका खोलीत कोंडलेल्या स्त्रीची 'द यलो वॉलपेपर' ही कथा आज इंग्रजीच्या पदव्युत्तर वर्गांना परिचित आहे.

त्याच मिचेल यांनी १८८५ मध्ये आपल्या नात्यातील एका तरुणाला निराळाच सल्ला दिला. हार्वर्डमधून पदवी घेतलेला, संगीतकार होऊ पाहणारा आणि वडिलांच्या इच्छेखातर बोस्टनमध्ये पेढीवर काम करताना मनाने खचलेला हा तरुण म्हणजे ओवेन विस्टर. त्याला वायोमिंगच्या गुरांच्या मुलखात पाठविण्यात आले. पुढील अभ्यासकांनी या उपचाराला 'वेस्ट क्युअर' असे नाव दिले आहे. विस्टर त्या मुलखात पुनःपुन्हा जात राहिला आणि १९०२ मध्ये त्याने 'द व्हर्जिनियन' ही कादंबरी लिहिली. अबोल, धीरोदात्त, गरज पडल्यासच पिस्तूल काढणारा काउबॉय या कादंबरीने घडविला आणि चित्रपटांनी तो तेथूनच उचलला. एकाच वैद्याकडून एकाच प्रकारच्या व्याधीवर स्त्रीला बंद खोली आणि पुरुषाला मोकळे आकाश मिळाले, ही घटना या विषयाच्या मुळाशी आहे. विस्टरच्या चरित्रात ती हमखास येते, गिल्मनच्या चरित्रातही येते; दोन्ही शेजारी ठेवली तर मात्र वेस्टर्न चित्रपटांतील दाराला आणि उंबरठ्याला एवढे महत्त्व का आले असावे, हे उलगडू लागते.

विस्टरने आपली कादंबरी ज्यांना अर्पण केली ते थिओडोर रूझवेल्ट हेही याच उपचाराचे उदाहरण म्हणता येतील. १४ फेब्रुवारी १८८४ या एकाच दिवशी त्यांची आई आणि पत्नी यांचे निधन झाले. दोन दिवसांच्या कन्येला पुढे बहिणीच्या स्वाधीन करून त्यांनी डाकोटातील 'बॅडलँड्स' गाठले आणि तेथे गुरांच्या व्यवसायात स्वतःला गुंतवून घेतले. १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात त्यांच्या कळपाची मोठी हानी झाली आणि हा व्यवसाय आटोपला. परंतु त्या थोड्या वर्षांतून त्यांनी स्वतःची जी प्रतिमा घडविली ती त्यांना १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचताना साह्यभूत ठरली. घरी राहिलेल्या त्या मुलीचा उल्लेख या प्रतिमेत कोठेही नाही.

या वैयक्तिक कहाण्यांना इतिहासशास्त्राची मान्यता मिळाली ती फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांच्यामुळे. १८९० च्या जनगणनेनंतर वसाहतीची सलग सीमारेषा आता उरलेली नाही, असे जनगणना कार्यालयाने जाहीर केले होते. त्याचा आधार घेऊन टर्नर यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे इतिहासकारांपुढे वाचलेल्या निबंधात असे मांडले की, पश्चिमेकडे सरकत जाणारी सीमा आणि तेथील मोफत उपलब्ध जमीन यांतून अमेरिकन माणसाचा स्वभाव आणि लोकशाही घडली. या मांडणीत जमीन 'मोफत' होती हे गृहीतच धरलेले आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्यांना १६० एकर जमीन मिळत होती. ती आधी कोणाची होती आणि सरकारच्या हाती कशी आली, हा प्रश्न टर्नरच्या कथनात गौण राहतो. सीमा संपल्याचे दुःख आणि पुरुषत्व ओसरत असल्याची भीती या दोन्ही भावना एकाच दशकात दृढ झाल्या. चित्रपटाची कलाही त्याच दशकातील.

मजूर काउबॉय

या ठिकाणी ऐतिहासिक काउबॉयविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तो मजूर होता. टेक्ससहून कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत दुसऱ्याच्या मालकीची हजारो गुरे हाकत नेणे हे त्याचे काम, आणि मालकाने दिलेला मासिक पगार ही त्याची मिळकत. रँच, लासो, रोडिओ हे शब्द स्पॅनिशमधून आलेले, कारण मुळात हा धंदाच मेक्सिकन गुराख्यांकडून शिकलेला. काउबॉयांपैकी साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीयांचा होता, असा अंदाज अनेक अभ्यासक देतात. १८८३ मध्ये टेक्ससच्या उत्तर भागात या मजुरांनी वेतनवाढीसाठी संपही केला आणि तो अयशस्वी झाला. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत मोकळा माळ कुंपणांनी विभागला गेला. म्हणजे ज्या मोकळेपणावर चित्रपटांनी शंभर वर्षे गुजराण केली तो प्रत्यक्षात जेमतेम वीस वर्षे टिकला, आणि तेव्हाही तो टोळीने राबणाऱ्या पगारी माणसांचा होता. संपावर गेलेला काउबॉय वेस्टर्न चित्रपटांत क्वचितच आढळेल.

मॉन्युमेंट व्हॅली : कोणाची भूमी?

उटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवर पसरलेल्या या खोऱ्यात तांबड्या वालुकाश्माचे सुळके आणि सपाट माथ्याचे कडे जमिनीतून एकाएकी वर आलेले दिसतात. काहींची उंची सुमारे ३०० मीटर भरते. जॉन फोर्डने १९३९ च्या 'स्टेजकोच'पासून १९६४ च्या 'शायेन ऑटम'पर्यंत आपले सात वेस्टर्न चित्रपट पूर्णतः वा अंशतः येथे चित्रित केले. 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' (१९४६) मधील टूमस्टोन हे गाव प्रत्यक्षात ॲरिझोनाच्या दक्षिण टोकाला आहे, परंतु फोर्डने ते उचलून या खोऱ्यात ठेवले. 'स्टेजकोच'मधील गाडी लॉर्ड्सबर्गकडे जाण्यासाठी निघते आणि वाटेत पुनःपुन्हा तेच सुळके ओलांडते. भूगोलाच्या शिक्षकाला हे सहन होणार नाही. पण फोर्डला भूगोल नको होता. त्याला माणूस लहान आणि आकाश मोठे दिसेल अशी जागा हवी होती, आणि त्या लहान माणसाने न डगमगता घोडा पुढे काढला की तो लहान राहत नाही हे त्याने अचूक हेरले होते. 'स्टेजकोच'मध्ये जॉन वेन प्रथम दिसतो तेव्हा कॅमेरा वेगाने त्याच्या चेहऱ्याकडे झेपावतो. मागे ते सुळके, पुढे तो चेहरा, आणि त्या दोहोंमध्ये दुसरे कोणीही नाही.

वास्तविक मधली जागा भरलेली होती. हे खोरे नावाहो लोकांच्या प्रदेशात आहे. ते स्वतःला 'दिने' म्हणवितात. १८६३-६४ मध्ये किट कार्सनच्या नेतृत्वाखालील सैन्याने त्यांची शेते जाळली, फळझाडे तोडली, जनावरे मारली आणि आठ हजारांहून अधिक नावाहोंना सुमारे ५०० किलोमीटर पायी चालवीत न्यू मेक्सिकोतील बोस्क रेदोंदो येथील छावणीत नेले. 'लाँग वॉक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थलांतरात आणि छावणीत असंख्य माणसे मरण पावली. १ जून १८६८ च्या तहानंतर त्यांना आपल्या भूमीच्या एका भागात परतता आले. अमेरिकेच्या इतिहासात हद्दपार केलेल्या मूळनिवासी समाजाला स्वतःच्या भूमीत परतण्याची मुभा क्वचितच मिळाली आहे. आज आपण ज्याला फोर्डचे भूदृश्य म्हणतो ते या परतलेल्या लोकांचे घर होते.

आणि ते प्रामुख्याने स्त्रियांचे घर होते. नावाहो समाज मातृवंशीय आहे. कूळ आईकडून येते. मेंढ्या-शेळ्यांच्या कळपांची मालकी, लोकरीचे विणकाम आणि चराईचा हक्क या बाबतींत परंपरेने स्त्रियांचे स्थान महत्त्वाचे होते. १९३३ नंतर इंडियन व्यवहार खात्याचे आयुक्त जॉन कॉलिअर यांच्या कारकिर्दीत अतिचराईमुळे जमिनीची धूप होते आणि गाळ कोलोरॅडो नदीवरील नव्या प्रचंड धरणात जातो, या कारणास्तव नावाहोंच्या कळपांची सक्तीने कपात करण्यात आली. प्रारंभी विशेषेकरून शेळ्यांवर संक्रांत आली. त्या गरीब घरांचा आधार होत्या. अनेक ठिकाणी त्या गोळ्या घालून मारल्या गेल्या आणि तशाच टाकून देण्यात आल्या. मार्शा वायझिगर या इतिहासकारांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात या धोरणाने नावाहो स्त्रियांच्या आर्थिक बळावरच कसा घाला घातला याचे सविस्तर विवेचन केले आहे.

'स्टेजकोच'चे चित्रीकरण याच दशकाच्या अखेरीस झाले, हा कालक्रम डोळ्यांआड करण्यासारखा नाही. खोऱ्यात दुकान चालविणारे हॅरी गोल्डिंग हे १९३८ मध्ये तेथील छायाचित्रे घेऊन हॉलिवूडला गेले आणि त्यांनी फोर्डला या जागेकडे वळविले, अशी कथा नेहमी सांगितली जाते. मंदीने आणि कळप गमावल्याने हलाखीत आलेल्या नावाहोंना काम मिळावे, हा त्यांचा हेतू असल्याचेही म्हटले जाते. काम मिळाले. नावाहो पुरुष घोड्यांवर बसून अपाची झाले, पुढे कोमांची झाले, शायेन झाले. मेंढ्या राखणाऱ्या स्त्रियांच्या भूमीतून मेंढ्या गेल्या आणि ती भूमी जगभरच्या प्रेक्षकांसाठी पौरुषाचे प्रतीक बनली. फोर्डने हे जाणूनबुजून केले असे म्हणता येणार नाही; खोऱ्यातील लोकांशी त्याचे संबंध आपुलकीचे होते अशाच आठवणी आहेत. पण चौकटीत काय ठेवायचे आणि काय वगळायचे हा निर्णय त्याचाच होता. सुळक्यांच्या पायथ्याशी असणारी नावाहोंची मातीने लिंपलेली घरे आणि मेंढ्यांचे वाडे त्या चौकटीत सहसा येत नाहीत.

'द सर्चर्स' : उंबरठ्याच्या आत आणि बाहेर

फोर्डच्या १९५६ च्या 'द सर्चर्स' या चित्रपटात हे सर्व ताण एकवटले आहेत. ॲलन ले मे यांच्या १९५४ च्या कादंबरीवर आधारित असलेल्या या कथेत टेक्ससमधील एका वसाहतकरी कुटुंबावर कोमांची हल्ला करतात. धाकटी मुलगी डेबी त्यांच्या हाती लागते आणि तिचा काका एथन एडवर्ड्स (जॉन वेन) वर्षानुवर्षे तिचा माग काढतो. तिला परत आणण्यासाठी की ती आता 'त्यांची' झाली म्हणून मारून टाकण्यासाठी, हे शेवटपर्यंत अनिश्चित राहते. १८३६ मध्ये कोमांचींनी नेलेल्या आणि १८६० मध्ये बळाने परत आणलेल्या सिंथिया ॲन पार्करची सत्यकथा यामागे आहे असे मानले जाते. या सत्यकथेतील स्त्रीला मात्र परत यायचे नव्हते; ती कोमांचींतच राहू इच्छित होती. चित्रपटाच्या प्रारंभी पडद्यावर स्थळकाळ सांगितला जातो : टेक्सस, १८६८. ज्या वर्षी नावाहो आपल्या भूमीत परतले, नेमके तेच वर्ष. ही संगती फोर्डने योजलेली नसावी. तरीही नावाहो भूमीवर चित्रित झालेल्या चित्रपटात हा आकडा वाचताना इतिहासाचा विद्यार्थी क्षणभर थबकतो.

पहिले दृश्य सर्वश्रुत आहे. पडदा काळोखा, मग आतून एक दार उघडते आणि त्या उभ्या चौकटीत लखलखीत तांबडे खोरे दिसते. दार उघडणारी स्त्री मार्था आहे, एथनच्या भावाची पत्नी. ती पाठमोरी, काळ्या आकृतीसारखी ओसरीवर येते आणि दूरवरून येणाऱ्या घोडेस्वाराकडे पाहते. आपण ते भूदृश्य प्रथम पाहतो ते स्त्रीच्या बाजूने, घराच्या आतून. दोघांमध्ये कधीकाळी प्रेम होते हे चित्रपट शब्दांत सांगत नाही. मार्था एथनचा अंगरखा हातांत घेऊन त्यावरून हात फिरविते, आणि पलीकडे कॉफी पीत उभा असलेला धर्मोपदेशक मुद्दाम दुसरीकडे पाहत राहतो, एवढेच. हे दृश्य पाहताना 'शोले'तील हवेलीच्या सज्जात दिवे मालवणारी राधा आणि खाली बाजा वाजवीत बसलेला जय आठवल्यावाचून राहत नाही.

दाराची ही चौकट पुढे दोनदा परतते. घर जळून गेल्यानंतर एथन मार्थाचे प्रेत पाहतो तेव्हा कॅमेरा अंधाऱ्या आतल्या बाजूस असतो आणि एथन दारात गुडघे टेकतो. शेवटी तो डेबीला गाठतो तेव्हा कॅमेरा गुहेच्या तोंडातून बाहेर पाहतो. गुहा हेही एक घरच ठरते. अखेरच्या दृश्यात सारे जण डेबीला घेऊन शेजारच्या घरात शिरतात, कॅमेराही आत असतो, आणि एथन एकटा उंबरठ्याबाहेर राहतो. डाव्या हाताने उजवा दंड धरून तो क्षणभर उभा राहतो, वळतो, खोऱ्याकडे चालू लागतो आणि दार बंद होते. वेअर मिचेलने खोली आणि मोकळे आकाश यांची जी वाटणी केली होती तिचे सर्वांत उदास रूप म्हणून या दृश्याकडे पाहता येईल. मोकळे आकाश हे औषध राहिलेले नाही, ती आता शिक्षा झाली आहे. ज्या पुरुषाने भूमीसारखे कठोर व्हायचे ठरविले त्याला घरात जागा उरत नाही.

ही समीक्षा आता बरीचशी प्रस्थापित आहे. तिला एक पुस्ती जोडावीशी वाटते. या चित्रपटातील भूमी रिकामी नाही, आणि फोर्डने एका ठिकाणी ती रिकामी करण्याची क्रियाच दाखविली आहे. घोडदळ एका कोमांची वस्तीवर हल्ला करते. बर्फात जळालेले तंबू आणि मृतदेह दिसतात, त्यांत थट्टेने मार्टिनची बायको ठरविली गेलेली 'लुक' ही स्त्रीही असते. त्यानंतर सैनिक बंदिवान स्त्रिया-मुलांना बर्फातून हाकत ठाण्याकडे नेताना दिसतात. चित्रपट येथे फार काळ थांबत नाही. पण इतर पन्नास चित्रपट जे झाकून ठेवतात ते येथे काही सेकंद उघडे पडते. एथनचा प्रतिस्पर्धी स्कार याचेही मुलगे गोऱ्यांनी मारलेले आहेत. दोघे एकमेकांचे प्रतिबिंब आहेत. मात्र स्कारची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या एका गोऱ्या नटाला देण्यात आली आणि त्याच्यामागे उभे असलेले नावाहो अबोल राहिले. फोर्डची दृष्टी येथपर्यंतच पोहोचते.

औषधाचा उतार

फोर्डच्याच काळात इतर दिग्दर्शकांनी हे समीकरण आपापल्या परीने तपासले. फ्रेड झिनेमनच्या 'हाय नून' (१९५२) मध्ये भूदृश्य जवळजवळ नाहीच. आहे ती एक रिकामी गल्ली. अँथनी मानच्या 'द नेकेड स्पर' (१९५३) मध्ये उलट घराच्या आतील एकही दृश्य नाही. रॉकी पर्वताच्या कड्यांवर पाच माणसे एकमेकांना पारखत चालतात. जेम्स स्ट्युअर्टचा नायक इनामासाठी गुन्हेगाराला पकडतो, कारण त्याला गमावलेली जमीन परत विकत घ्यायची आहे. येथील डोंगर भव्य वाटत नाहीत, ते खरचटतात, दमवितात. आणि अखेरीस हा पुरुष प्रेताजवळ उघड रडतो. मानचे पर्वत पुरुषाला घडवीत नाहीत, तर सोलून काढतात. प्रस्तुत लेखकाच्या मते भूदृश्याचा याहून प्रामाणिक वापर त्या दशकात झालेला नाही. मराठीत या दिग्दर्शकाकडे आणखी लक्ष जाणे इष्ट आहे.

सर्जिओ लिओनेचे इटालियन वेस्टर्न स्पेनच्या अल्मेरिया प्रांतातील वाळवंटात चित्रित झाले, यावरून ही भूमी किती सहज स्थलांतरित होऊ शकते ते कळते. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

अलीकडील तीन चित्रपट मात्र येथे महत्त्वाचे आहेत. आंग ली यांच्या 'ब्रोकबॅक माउंटन' (२००५) मधील दोन तरुण १९६३ मध्ये वायोमिंगच्या डोंगरात गुरे नव्हे, मेंढ्या राखतात. समाजापासून दूर असलेला तो डोंगर हीच त्यांच्या प्रेमाची एकमेव जागा. शेवटी एनिसजवळ त्या डोंगराचे एक चित्रपत्र उरते. ते त्याने कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस दोन सदऱ्यांशेजारी लावलेले असते. अवघे भूदृश्य कपाटात मावले. केली रायकार्ट यांच्या 'मीक्स कटऑफ' (२०१०) मध्ये १८४५ साली ओरेगॉनच्या वाटेवर भरकटलेला तांडा आहे. दिग्दर्शिकेने रुंद पडदा नाकारून जुनी, जवळजवळ चौकोनी चौकट निवडली. त्यामुळे क्षितिजाचा विस्तार हरवतो आणि टोप्यांच्या झालरींतून दिसते तेवढेच जग उरते, म्हणजे त्या स्त्रियांना दिसते तेवढे. पुरुषांच्या मसलती त्यांना दुरून, अस्पष्ट ऐकू येतात. पाण्याची वाट ठाऊक असू शकेल असा एकच माणूस तेथे आहे : पकडलेला मूळनिवासी, ज्याची भाषा कोणालाच कळत नाही.

जेन कॅम्पियन यांच्या 'द पॉवर ऑफ द डॉग' (२०२१) ची कथा १९२५ च्या मोंटानात घडते. चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये झाले. फिल बरबँक हा येल विद्यापीठात शिकलेला, पण आंघोळ न करणारा, उद्दाम रँचमालक. कॅमेरा घराच्या अंधाऱ्या आतून खिडक्यांमागून त्याचा पाठलाग करतो. 'द सर्चर्स'च्या प्रेक्षकाला ही चौकट तत्काळ ओळखू येते. समोरच्या डोंगरात भुंकणाऱ्या कुत्र्याचा आकार आहे, जो फक्त खऱ्या पुरुषालाच दिसतो असे फिल मानतो. भावजयीचा कृश, नाजूक मुलगा पीटर तो प्रथमदर्शनीच ओळखतो. विस्टर आणि रूझवेल्ट यांनी पूर्वेकडचे शिक्षण लपवून पश्चिमेचा जो वेश चढविला तोच फिलच्या अंगावर आहे, फक्त आता त्याला दुर्गंधी येते. याच चित्रपटात एक मूळनिवासी पिता आणि मुलगा कातडी विकत घ्यायला येतात. विकण्यापेक्षा जाळणे पसंत करणाऱ्या फिलची ती कातडी त्याची भावजय रोझ त्यांना देऊन टाकते, आणि या देण्यापासूनच फिलचा अंत सुरू होतो.

पुन्हा त्याच खोऱ्यात

नावाहोंच्या शासनाने १९५८ मध्ये मॉन्युमेंट व्हॅली हे आपले आदिवासी उद्यान म्हणून घोषित केले. त्यानंतर फोर्ड अखेरचा वेस्टर्न करण्यासाठी तेथे परतला. 'शायेन ऑटम' (१९६४) हा १८७८ मध्ये ओक्लाहोमातील राखीव प्रदेश सोडून उत्तरेकडील आपल्या मायभूमीकडे चालत निघालेल्या शायेन लोकांचा चित्रपट आहे. आपण आजवर मूळनिवासींना पडद्यावर न्याय दिला नाही, या जाणिवेतून तो निघाला असे म्हटले जाते. शायेन पुढाऱ्यांच्या भूमिका मेक्सिकन वंशाच्या आणि इटालियन वंशाच्या नटांनी केल्या. त्यांच्यामागून चालणारे स्त्री-पुरुष नावाहो होते. 'लाँग वॉक'ला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे पूर्ण होत होती, आणि ज्यांच्या पणज्या-पणजोबांना या मुलखातून चालवीत नेले होते ते त्याच वाळूत दुसऱ्या समाजाचे परतणे चालून दाखवीत होते.

या चित्रपटातील गंभीर प्रसंगी नावाहो नटांनी शायेन म्हणून जे संवाद म्हटले ते नावाहो भाषेत होते, आणि त्यांत पुष्कळदा चावट विनोद होते, अशी आठवण सांगितली जाते. टोनी हिलरमन यांनी 'सेक्रेड क्लाउन्स' (१९९३) या कादंबरीत हा प्रसंग वापरला आहे. उघड्यावर, मोटारींत बसून नावाहो प्रेक्षक 'शायेन ऑटम' पाहत आहेत. पडद्यावर सुळक्यांपुढे एक धीरगंभीर चेहरा काही बोलतो, आणि मोटारींच्या रांगांतून हसण्याची लाट उठते. हॉलिवूडमध्ये तो चित्रपट संकलित करणाऱ्यांपैकी कोणालाही ते शब्द कळले नव्हते.